रग्ना आणि बाबांचं फडकं

रग्ना ही माझी पाठची बहीण. आधी हे सांगून टाकतो, कारण आमच्या टोर्नवीगमध्ये लोक उलटं सांगतात. म्हणतात, एवाल्ड हा रग्नाचा भाऊ. गावच्या सहकारी कत्तलखान्यात मी चाळीस वर्षं सुरी चालवली, सात वेळा वर्षाचा पहिला सुरीवाला ठरलो. माझा हात चालायला लागला की नवी पोरं तोंडातला घास चावायची विसरायची. आणि तरी परगावचा माणूस आला की पहिलं काय विचारतो? "त्या डुकरंवाल्या बाईंचे भाऊ ना तुम्ही?" सुरुवातीला झोंबायचं. आता मीच पुढे होऊन सांगतो, हो, तोच मी.

आज तुम्ही आमच्या कारखान्याचा गोठा बघाल तर तिथे ओरडा ऐकू येणार नाही. डुकरं येतात, अंगावर पाण्याचे बारीक तुषार घेत तासभर लोळतात, मग ओळखीच्या चार-पाच जणांबरोबर रमत गमत पुढे जातात. त्यांना बेशुद्ध करतात ते तिथून पुढे, आणि त्यांना काही कळायच्या आत. आता त्याला कायदा आहे, तपासायला माणसं येतात. वह्या घेऊन येतात, फोटो काढतात. मी त्यांना सांगत नाही, पण तुम्हाला सांगतो: तुमच्या कायद्याच्या आधी इथे आमची रग्ना होती.

ती घडली आमच्या बाबांच्या हाताखाली. बाबा, आंदर्स त्यांचं नाव, घरोघरी जाऊन डुक्कर कापून द्यायचे. नाताळच्या आधी खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत त्यांची सायकल फिरायची. पुढच्या टोपलीत सुऱ्या, आणि मोठी सुरी एका राखाडी लोकरी फडक्यात गुंडाळलेली. मागच्या बाजूला सात वर्षांची रग्ना. तिचं काम रक्ताची बादली ढवळायचं, म्हणजे रक्त गोठू नये. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मला बादली ढवळणं कमीपणाचं वाटायचं, म्हणून मी घरीच राहायचो. ती चूक माझी.

एका शेतावर मालकाला फार घाई होती. डुकराच्या सुळ्यामागे दोरी अडकवून त्याने ते फरफटत अंगणात आणलं. डुकराने आकाशपाताळ एक केलं होतं. बाबांनी बादली उलटी केली, तिच्यावर बसले आणि कॉफी मागितली. मालक म्हणाला, कॉफी नंतर. बाबा म्हणाले, "घाबरलंय ते. आता अर्धा तास काही होणार नाही. ओरडत मेलेल्या डुकराचं हॅम पाणी सोडतं, आणि नाताळात शिव्या मला पडतात." मग रग्नाला डोळ्याने खूण केली. ती जाऊन डुकराच्या कानामागे खाजवत बसली. अर्ध्या तासाने डुक्कर तिच्या मांडीवर नाक टेकून डोळे मिटायला लागलं. फडकं सुटलं ते अगदी शेवटी. सुरी बाहेर आल्याचं डुकराला काय, मालकालाही दिसलं नाही.

हे सगळं मला रग्नाने सांगितलेलं. एकदा नाही, शंभरदा.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. मोठी सुरी मला मिळाली, फडक्यासकट. रग्नाला सायकलची टोपली मिळाली. तीत ती कांदे ठेवायची.

मी आधीच कारखान्यात लागलो होतो. पंधरावं संपलं तशी रग्नाही आली, पण तिला आतड्यांच्या खोलीत टाकलं. बायका सगळ्या तिथेच असायच्या. आमच्या कारखान्यात जिवंत डुकराजवळ किंवा सुरीजवळ बाईने यायचं नाही अशी रीत होती. लिहिलेलं कुठेच नव्हतं, म्हणून तर ती मोडता येत नव्हती. आतड्यांची खोली म्हणजे खाली घोटाभर थंड पाणी, वर वाफ, आणि समोर मिठाच्या पाण्याचे हौद. लाकडी बुटांतून पाणी आत शिरायचं. बायका दिवसभर आतडी उलटायच्या, खरवडायच्या, मिठात टाकायच्या. पगार आमच्याहून कमी. आमची युनियन तगडी होती हो, आम्ही कॉफी गार आली तरी सळया हुकांवर लटकवून घरी जायचो. सळई म्हणजे सुरीला धार लावायची, कमरेला असते ती. ती हुकाला लागली की समजायचं, काम बंद. पण बायकांच्या खोलीचा विषय बैठकीत नेहमी शेवटी यायचा, आणि शेवटपर्यंत कोणी थांबायचं नाही. मीही थांबलो नाही. खरं ते सांगतो.

बासष्टच्या हिवाळ्यात बायकांच्या बोटांना भेगा पडल्या. रग्नाने मुकादमाला विचारलं, हात धुवायला गरम पाण्याचा एक नळ बसवता का. मुकादम म्हणाला, नळ काय आकाशातून पडतो का. रग्ना परत हौदाशी गेली. नवं वर्ष लागलं.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी डायरेक्टर साहेब प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येकाशी हात मिळवतात. व्हीद साहेब तसे माणूस वाईट नव्हते, गोरेपान, कागदांतले. आतड्यांच्या खोलीत ते आले तेव्हा रग्ना पहिली उभी होती. तिने हौदातून हात काढला, पुसला नाही, आणि साहेबांचा हात घट्ट धरून नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. साहेबांच्या, त्यांच्या बायकोच्या, तिन्ही मुलांच्या, इंग्लंडच्या गिऱ्हाइकांच्या तब्येतीच्या. तोवर हात सोडला नाही. मग दुसरी. मग तिसरी. अठरा बायका होत्या. साहेबांच्या अंगठ्याला कागदाने कापलं होतं, त्यात मीठ गेलं. दहाव्या बाईपाशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चौदाव्या बाईला त्यांनीच विचारलं, "तुम्हाला रोज असंच होतं?"

फेब्रुवारी लागायच्या आत नळ बसला. मी सगळ्या गावात सांगत फिरलो, माझी बहीण म्हणून. रग्नाला म्हटलं, अगं तू युनियनमध्ये हवी होतीस. ती म्हणाली, "तुमच्या युनियनचे हात कोरडे असतात."

तर नळ आला, पण वर्षं काही मागे फिरली नाहीत. तिशी ओलांडल्यावर रग्नाच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. सकाळी कोटाची बटणं माझी बायको आस्ता लावून द्यायची. रग्ना आमच्याच घराच्या माडीवर राहायची, एकटी, तिची ती सुखी. सत्तरच्या जानेवारीत डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं, मिठाच्या पाण्यात अजून एक हिवाळा काढलास तर हा हात कायमचा असाच राहील. पण कारखान्यात बाईला दुसरं काम नाही, आणि टोर्नवीगमध्ये कारखान्याशिवाय काही नाही.

त्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. गोठा सांभाळणारा म्हातारा लाउस्ट कंबरेने बसला, आणि इंग्लंडहून हॅम परत आलं. पांढुरकं पडलेलं, पाणी सुटलेलं. कोपनहेगनहून एक शिकलेला माणूस आला, त्याने आठ पानं लिहिली. व्हीद साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावून ती वाचून दाखवली. मथितार्थ असा, की डुक्कर मरायच्या आधी घाबरलं तर मांस खराब होतं. साहेब थांबले. मागून रग्नाचा आवाज आला, "हे तर आमचे बाबा एका कॉफीत सांगायचे."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. सुट्टी झाल्यावर रग्ना त्यांच्या दारात उभी राहिली आणि तिने लाउस्टची जागा मागितली. गोठ्याचं काम पुरुष नाहीतरी मागत नव्हते. तिथे कामाच्या वेगाचे जास्तीचे पैसे नसायचे, नुसता वास असायचा. साहेबांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं म्हणे, आणि एक आठवडा दिला. अट एवढीच, साखळी रिकामी जाता कामा नये.

साखळी म्हणजे आमचं सगळं. छताला फिरते, तिला आकडे, आकड्याला डुक्कर. गोठ्यातून एक बोळ येतो, बोळाच्या तोंडाशी मॅग्नस विजेचा चिमटा घेऊन उभा असतो, तो डुक्कर बेशुद्ध करतो, ते आकड्याला लागतं, आणि लगेच पुढे मी, सुरी घेऊन. मग माझ्यापुढे साठ माणसं. आकडा रिकामा आला की साठ माणसं हात चोळत बसतात आणि साठ जणांचं नुकसान. लाउस्टच्या वेळीही दिवसाला सात-आठ आकडे रिकामे जायचे. त्याहून जास्त गेले तर रग्ना परत आतड्यांत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुदत.

सोमवारी सकाळी तिने विजेची काठी, जिने लाउस्ट डुकरं पुढे ढकलायचा, ती खिळ्याला टांगली आणि हातात एक केरसुणी घेतली. मी डोक्याला हात लावला. त्या दिवशी एकतीस आकडे रिकामे गेले. प्रत्येक रिकाम्या आकड्याला माणसं सुरीच्या मुठींनी पत्र्यावर ठोकायची, सगळा हॉल दणाणायचा, त्या आवाजाने बोळातली डुकरं आणखी मागे फिरायची. मॅग्नस ओरडला, "एवाल्ड, तुझी बहीण त्यांना प्रार्थना शिकवते की काय?" कोणी तिला डुकरांची सुईण म्हणालं, कोणी आणखी काही. मी दोघांना दम दिला.

मंगळवारी तिने एका शेतावरची डुकरं एकत्र ठेवली, अनोळखी मिसळू दिली नाहीत. त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या. नळाला झारीचं तोंड लावून त्यांना न्हाऊ घातलं. बावीस आकडे. बुधवारी सोळा. मी आस्ताला म्हटलं, बघ, आमच्या रक्तातच आहे. रग्नाने मात्र जेवताना मला एकच विचारलं, "दारापासून तीन पावलांवर ती का थांबतात?"

मी म्हटलं, त्यांना रक्ताचा वास येतो. मरण कळतं त्यांना. हे आमच्याकडे सगळेच म्हणायचे, लाउस्ट म्हणायचा, त्याच्या आधीचा म्हणायचा.

"वास तर गोठ्यात पण येतो," ती म्हणाली. "तिथे खातात, घोरतात. आणि दुपारी त्याच तीन पावलांवरून सरळ चालत जातात. मरण काय सकाळीच असतं का?"

मी बटाटे मागितले.

आता त्या पाटीबद्दल सांगायला हवं. आमच्या कारखान्यात दर फेब्रुवारीत शेतकऱ्यांची कमिटी वर्षाचा पहिला सुरीवाला निवडायची, आणि त्याचं नाव एका मोठ्या पितळी पाटीवर कोरलं जायचं. छोट्या टेबलाएवढी पाटी, सुरीवाला उभा राहतो त्याच्याच शेजारी, छातीच्या उंचीवर, बोळाच्या तोंडासमोर. वर दिवा. बोळातून येणारा प्रत्येक शेतकरी, प्रत्येक पाहुणा आधी ती पाटी बघायचा. तिच्यावर सात वेळा माझं नाव होतं. रीत अशी, की ज्याचं नाव शेवटचं, त्याने रोज सकाळी पहिलं डुक्कर यायच्या आत स्वतःच्या हाताने ती चमकवायची. चमकवली नाही तर दिवस वाईट जातो म्हणायचे. मी तर अशी घासायचो की तिच्यात दाढी करता आली असती.

गुरुवारी रग्ना डुकरांच्या मागे चालली नाही. ती बोळात भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. तेव्हा तिला दिसलं. तिसऱ्या पावलावर, ओल्या फरशीवर, उजेडाचा एक तुकडा थरथरत होता. साखळी फिरली की भिंत हादरायची, भिंत हादरली की पाटी हलायची, पाटीवरचा उजेड फरशीवर नाचायचा. अंधाऱ्या बोळातून आलेल्या डुकराला समोर जमीनच हलताना दिसायची. ते थांबणार नाही तर काय करणार? आणि दुपारपर्यंत हॉलमध्ये इतकी वाफ भरायची की पितळ आंधळं व्हायचं. मग फरशीवर काही नाही. मग डुकरं चालायची.

वीस वर्षं तो उजेड आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. मी तर रोज. काठी हातात असली की कोणी फरशीकडे बघत नाही.

रग्नाने कुणाला काही विचारलं नाही. हॉलमध्ये आली, अंगातला ओला एप्रन काढला आणि माझ्या पाटीवर टाकला. पुढची बारा डुकरं एका दमात आली. मॅग्नसला चिमटा लावायला फुरसत मिळेना.

पण ती बारा डुकरं कोणी मोजली नाहीत. सगळ्यांनी एप्रन बघितला. आतड्यांच्या खोलीतला, डाग पडलेला एप्रन, कारखान्यातल्या सगळ्या नाववाल्यांच्या तोंडावर. मागून सळया हुकांना लागल्याचा आवाज आला, एक, दोन, मग बऱ्याच. काम बंद व्हायची वेळ आली होती, आणि ती माझ्याच नावासाठी. मी पुढे झालो, एप्रन ओढून काढला आणि फरशीवर फेकला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं मात्र बोललो, की बाईने आपल्या खोलीत राहावं.

रग्नाने एप्रन उचलला. वाकडी बोटं, दोनदा निसटला. म्हणाली, "एवाल्ड, त्यांना तुझं नाव वाचता येत नाही. त्यांना नुसता लखलखाट दिसतो."

सळया परत कमरेला गेल्या. पाटी चमकत राहिली. पत्र्यावरची ठोकाठोक दुप्पट झाली, आणि त्या दिवशी सव्वीस आकडे रिकामे गेले. व्हीद साहेब घड्याळ घेऊन उभे होते. जाताना रग्नाला म्हणाले, उद्या दुपारपर्यंत बघू. पण चेहऱ्यावर दिसत होतं की बघण्यासारखं त्यांच्यापुरतं काही राहिलं नाही.

संध्याकाळी ती कॉफीला खाली आली नाही. आस्ता माझ्याशी बोलत नव्हती. किटली अशी आपटून ठेवत होती की मला सगळं ऐकू यावं. शेवटी मीच कप घेऊन माडीवर गेलो. माफी मागायला नाही, माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणायला गेलो होतो की पाटी माझी एकट्याची नाही, बाबांनंतर घराण्याचं नाव मी तिथे कोरलंय, वगैरे. हे सगळं मी जिन्यातच जुळवलं होतं.

रग्ना खिडकीपाशी बसून कांदे निवडत होती. तीच टोपली. मी माझं भाषण केलं. तिने ते पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "पाटी कशाने पुसतोस रे मोठ्या?"

"कशाने म्हणजे? फडक्याने."

"कुठल्या?"

मी खिशातून काढलं. सवयीने खिशातच असायचं ते. राखाडी, लोकरीचं, एका कोपऱ्यात रफू केलेलं. आईच्या हातचं रफू.

तिने ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. "ते बाबांनी कशाला ठेवलं होतं, आठवतं का तुला?" ती म्हणाली. "पण तू कुठे होतास म्हणा. तू घरी असायचास."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट टोमणा मारला असता, त्यात मी कच्चा नाही. ती नुसती सांगत होती. आणि मला ते अंगण दिसलं, जे मी कधी बघितलंच नव्हतं, फक्त शंभरदा ऐकलं होतं. बादलीवर बसून कॉफी पिणारे बाबा, रग्नाच्या मांडीवर नाक ठेवलेलं डुक्कर, आणि मांडीखाली फडक्यात झाकलेली सुरी. झाकलेली. शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली. चकाकी लपवायला माणसाने आयुष्यभर जे फडकं बाळगलं, त्याच फडक्याने मी सात वर्षं चकाकी वाढवत होतो. सुरी मला मिळाली होती. ती कशी धरायची ते रग्नाला मिळालं होतं.

मी कॉफीचा कप टोपलीशेजारी ठेवला. ती म्हणाली, गार झालीय. मी म्हटलं, पी. ती प्यायली. दोन्ही हातांनी कप धरावा लागत होता तिला, एका हाताने जमत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. चार स्क्रू होते, गंजलेले, एक काही निघेना. तोवर मॅग्नस आला, त्याच्यामागे बाकीचे. मी भिंतीशी, हातात पेचकस, आणि पाटी एका कोपऱ्यावर लोंबकळतेय. माणसं जागच्या जागी उभी राहिली. कोणीतरी विचारलं, हे काय चाललंय. दोघांचे हात कमरेच्या सळईकडे गेलेच.

मी मागे न वळताच म्हणालो, "सात वेळा कोणाचं नाव आहे हिच्यावर? ज्याचं आठ वेळा असेल त्याने मला अडवावं."

आठ वेळा कोणाचंच नव्हतं. असणार कुठून! मॅग्नसने पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "तो खालचा स्क्रू असा निघायचा नाही. तेल घाल." आणि तेलाची बुधली आणायला गेला.

पाटी खाली आली. आम्ही दोघांनी ती उचलून जेवणघरात नेली, कॉफीच्या किटल्यांच्या मागे भिंतीला लावून ठेवली. भिंतीवर तिच्या जागी एक फिका चौकोन उरला. साखळी सुरू झाली. मी माझ्या जागी उभा राहिलो, फडक्यातून सुरी सोडवली आणि फडकं एप्रनच्या आत ठेवलं.

बोळात केरसुणीचा आवाज आला. पहिलं डुक्कर दिसलं, कानाचा शेंडा काळा असलेलं. तिसऱ्या पावलावर ते थांबलं. त्याने फरशी हुंगली, उजवीकडे हुंगलं, डावीकडे हुंगलं, जसं एखादी म्हातारी दुकानात कोबी बघते तसं. मग चालत आलं. त्याच्यामागे दुसरं, त्याच्यामागे तीन एकदम. आकड्यामागून आकडा भरत गेला. पत्र्यावर कोणी ठोकलं नाही. हॉलमध्ये नुसती साखळीची खडखड आणि सुऱ्यांचा आवाज. माझ्या हाताखाली डुक्कर आलं की आजवर त्याचं अंग ताठ लागायचं. त्या सकाळी मऊ लागलं, आणि सुरी स्वतःहून गेल्यासारखी गेली. एवढी वर्षं मी समजत होतो तो सगळा माझा हात होता.

व्हीद साहेब आठ वाजता आले. भिंतीवरच्या चौकोनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळ खिशात ठेवलं. रग्नाच्या जवळ गेले आणि हात पुढे केला. रग्ना म्हणाली, "आज ओला नाहीये, साहेब," आणि तिने तो दोन्ही हातांत घेतला. लाउस्टच्या जागेच्या किल्ल्या त्यांनी तिथेच दिल्या, दुपारची वाट न बघता.

नऊच्या कॉफीला ती पहिल्यांदा सुरीवाल्यांच्या टेबलावर बसली. कोणी बोलावलं नाही, कोणी उठवलंही नाही. मॅग्नसने पावाची ताटली तिच्याकडे सरकवली. ती मला म्हणाली, "सकाळी काही न खाता आलास, आस्ता चिडलीय," आणि आपल्या डब्यातला चरबी लावलेला काळा पाव अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवला. मोडायला तिला वेळ लागला. मी मदत केली नाही, वाट बघितली.